तीन-पॉइंट-सातवाले दादा

1895 साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. तेव्हापासून या शहरात रेडिओबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही. या मतं असणाऱ्यांतली एक जात मात्र वेगळी. हे दादा जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या 3.7 आवृत्तीवर ठाण मांडून बसलेले असतात. लॅपटॉपवर उबंटू 16.04, आणि नेटची वायर काढून ठेवलेली. न जाणो, रात्री झोपेत अपडेट व्हायचं!

पूर्वी रेडिओत जी कामं सर्किट करायचं, म्हणजे स्टेशन पकडणं, खरखर गाळणं, ती दादांनी ऐन उमेदीत कोडमध्ये उतरवली. ती आजही चालतात. "चालतंय ना? मग?" हा त्यांचा सिद्धान्त. नवी आवृत्ती 3.10 आहे म्हटलं, तर जोडीला गणितही आहे. "तीन-दशांश-दहा म्हणजे तीन-दशांश-एक. सातापेक्षा एक मोठा कधीपासून झाला?" यावर व्हर्जनचं टिंब दशांशाचं नसतं, असं सांगणाऱ्याला चहाचे पैसे द्यावे लागतात.

फारच ताणलं तर दादा 1976 काढतात. त्या वर्षी महालयाच्या, म्हणजे दुर्गापूजेआधीच्या अमावस्येच्या पहाटे आकाशवाणीने बीरेंद्रकृष्ण भद्रांचं दरवर्षीचं 'महिषासुरमर्दिनी' बाजूला ठेवून उत्तमकुमारच्या आवाजातला नवा कार्यक्रम लावला. उत्तमकुमार, बंगालचा महानायक! तरी लोक खवळले आणि जुना कार्यक्रम परत लावावा लागला. "अपग्रेड होतं ते," दादा म्हणतात, आणि एवढा वेळ वाद घालणारी पोरं गप्प होतात. खरं सांगायचं तर या मुद्द्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

अखेर पूजेच्या तोंडावर लॅपटॉपच्या पंख्याने मान टाकली. नव्या मशीनवर 3.10 होतं. दादांनी ब्लॉक जोडून केलेला आपला फ्लोग्राफ उघडला, तर ठिकठिकाणी 'मिसिंग ब्लॉक'. डब्ल्यूएक्स लायब्ररीवरचे सगळे ग्राफ 3.8 मध्येच गेलेले. पायथन 2 चे प्रिंट कंसाविना उघडे पडलेले. सी-प्लस-प्लस आणि पायथनमधला स्विग नावाचा दुभाषा 3.9 ने घरी बसवून त्याच्या जागी पायबाइंड11 नेमलेला. दादांचे स्वतः लिहिलेले ब्लॉक त्या स्विगच्याच भरवशावर.

हे सगळं त्यांनी सोसलं. संतापले ते भागाकारावर. पायथन 2 मध्ये पाचाला दोनने भागलं की दोन यायचे. उरलेल्या अर्ध्याची कोणी चौकशी करत नसे. आता अडीच येतात. डेसिमेशनला, म्हणजे दर किती सॅम्पलांतलं एक ठेवायचं त्याला, पूर्णांकच लागतो, त्यामुळे प्रोग्राम तिथेच आडवा. "अडीचाव्या सॅम्पलचं मी काय करू?" भागाकाराच्या एका तिरप्या रेघेच्या दोन करायच्या, एवढाच उपाय. दादांनी तो केला, पण प्रत्येक रेघेसरशी पायथन 3 करणाऱ्यांचा उद्धार करत.

हल्ली दादा नव्या पोरांना 3.10 शिकवतात. अजून 3.8 वर असलेल्यांची कीव करतात. चार-पॉइंट-शून्यचं काम चालू आहे, असं कोणी म्हटलं की मात्र "पुन्हा उत्तमकुमार!" म्हणून उठतात आणि नेटची वायर काढतात.