चिरलेली आठवण

कोलकात्यात खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटात घड्याळाचा पट्टा जरा वाकवून पाहा; दुकानदार डोळे वटारतो. उद्या म्हणे पट्ट्यातच माहिती साठवणारी मेमरी असेल; पिळा, चिरा, ती आपली आपण सांधली जाईल.

थट्टा नव्हे; आपोआप सांधला जाणारा पदार्थ तर आहेच. 2021 मध्ये आयसर कोलकाता आणि आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांनी दाबाने वीज देणारे बायपायराझोलचे स्फटिक मोडून दाखवले. तुकड्यांच्या तोंडांवर विरुद्ध विद्युतभार येतो, ते एकमेकांना ओढतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत, ना गोंद ना उष्णता, पुन्हा एकजीव. (नवरा-बायकोनं हेवा करावा असा समेट!)

मेमरीही अशीच सांधली जाऊ लागली, तर ‘गॅरंटी? कसली गॅरंटी?’ असं विचारणाऱ्या देशभरच्या दुकानदारांच्या मनगटावर हा पट्टा बांधायला कोण जाणार?