स्मार्टभाऊ

प्रत्येक सोसायटीत एक स्मार्टभाऊ असतात. आमचे डोंबिवलीचे. २०१५ साली केंद्र सरकारने स्मार्ट सिटी मिशन काढलं, त्यात देशातली १०० शहरं निवडली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या आठांत कल्याण-डोंबिवलीचा नंबर लागला आणि भाऊंनी जिन्यातच पेढे वाटले. स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग होती तेवढीच राहिली, पण भाऊ त्या रांगेत ताठ मानेने उभे राहू लागले.

तेव्हापासून भाऊंना दुसरं विशेषण लागत नाही. इंग्लंडात टापटीप कपड्यांतला माणूस स्मार्ट, अमेरिकेत हुशार माणूस स्मार्ट. भाऊ भाचीसाठी स्थळ सुचवताना म्हणतात, ‘मुलगा स्मार्ट आहे हो!’, तेव्हा पगार बेताचा पण दिसायला बरा, असं समजायचं. नातवाने टीव्हीला वायफाय जोडून दिलं की तो ‘भलताच स्मार्ट’. त्याच नातवाने आजोबांच्या फोनवरून पिझ्झा मागवला की ‘जास्त स्मार्टपणा करू नकोस!’

मुलाने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. दिवसाला दहा हजार पावलं व्हायलाच हवीत, असं भाऊंनी जाहीर केलं. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते उजव्या हाताने बशीतला चहा फुरकतात आणि घड्याळाचा डावा हात जोरजोरात हलवतात. आकडा वाढत जातो. एकदा काकू आतून म्हणाल्या, ‘हात हलवतच आहात, तर एवढं ताक घुसळा.’ त्या दिवशी दोन हजार पावलं आणि वाटीभर लोणी, दोन्ही निघालं. भाऊ खुर्चीतून उठले नव्हते.

पण भाऊंचा खरा शब्द ‘ओव्हरस्मार्ट’. भाजीवालीकडून मिरच्या-कोथिंबीर फुकट घेणं स्मार्ट; तिने पिशवीच्या तळाशी मऊ टोमॅटो सरकवला, तर ती ओव्हरस्मार्ट. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये आपली दुसरी गाडी लावणं स्मार्ट; तिथेच समोरच्या बिऱ्हाडाने स्कूटर लावली की भाऊ सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, खाली ठळक अक्षरांत ‘काही ओव्हरस्मार्ट सभासद’. नाव लिहीत नाहीत. नंबरप्लेट मात्र स्वच्छ दिसते.

स्मार्ट मीटरची चर्चा सुरू झाली तेव्हा विरोधाचं पहिलं निवेदन भाऊंनीच लिहिलं. फोन स्मार्ट हवा, टीव्ही स्मार्ट हवा, मीटर मात्र मठ्ठच बरा! जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’ या शब्दाचा संबंध झोंबण्याशी होता आणि क्रियापद म्हणून आजही तोच अर्थ आहे, असं मी त्यांना सांगितलं. भाऊ माझ्याकडे रोखून बघत राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही जरा ओव्हरस्मार्टच आहात.’

थोडक्यात, फायदा आपला तर स्मार्ट, दुसऱ्याचा तर ओव्हरस्मार्ट. एवढं व्याकरण पाठ असलं की भाऊंशी बोलताना अडत नाही. अशा भाऊंच्या शेजारी राहायला गेलात, तर भेटल्या भेटल्या त्यांना स्मार्ट म्हणून टाका. पार्किंगचा त्रास होणार नाही. फक्त ‘ओव्हर’ मनातल्या मनात म्हणा.