भुवया आधी, मुंडकं नंतर

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या गेममध्ये तुमची ओळख ठरते ती थेट वधस्थळी. यादी हातात धरलेला शिपाई विचारतो, तू कोण? झालं! जल्लाद, कैदी, सेनापती सगळे ताटकळत उभे, कारण स्वारीला भुवयांची जाडी पसंत पडत नाही. वंश १०, शिवाय गालफडं, व्रण, नाकाची लांबी. मुलगी बघायला गेल्यावरही इतकी चिकित्सा होत नाही. (काही घरांत होते म्हणा.) पुढे बंद शिरस्त्राण मिळतं आणि तो घडवलेला मुखडा कायमचा झाकला जातो.

कौशल्यं १८. जे वापराल ते वाढतं. म्हणून भावी जगदुद्धारक भट्टीपाशी लोखंडी खंजिरांचा ढीग पाडत बसतो. ड्रॅगन गावं जाळतायत, जाळू देत. प्रतिज्ञा असते जादूगार व्हायची. दोन-तीन गुहांनंतर तोच जादूगार अंधारात उकिडवा बसून धनुष्य ताणत असतो, कारण लपून सोडलेल्या बाणाचा घाव दुप्पट. बाण रुतलेला दरोडेखोर इकडेतिकडे बघतो, वारा असेल म्हणतो आणि पुन्हा पहाऱ्याला लागतो.

दुसऱ्या खेपेला मात्र ऑर्क वंशाचा कुऱ्हाडवाला करायचा, हे पक्कं. धनुष्य आपलं अडीअडचणीपुरतं.