दोन व्याही आणि एक वाकडी वेस

पोरं हॅम्बुर्गला नोकरीला असली की आईबापांच्या नशिबी क्रूझ येते. कीलच्या बंदरात मुलानं आणि सुनेनं आम्हा दोघा व्याह्यांना जहाजावर चढवून दिलं. मी अमरावतीचा, ते अकोल्याचे. केबिन एकच, त्यामुळे कापसाच्या भावापासून उन्हाळ्याच्या पाऱ्यापर्यंत आपलंच गाव पुढं कसं, हा वाद समुद्रातही सुरू राहिला.

ट्राव्हेम्युंडेला जहाज सहा तास थांबणार होतं. तिथून रेल्वेनं ल्युबेक गाठलं. स्टेशनातून निघून थोडं चाललं की समोर गावची वेस, होल्स्टेनटोर. १४७८ साली पुरी झालेली, विटांची, दोन गलेलठ्ठ बुरुजांची. व्याही मान तिरपी करून पाहू लागले.

"इवाई, हे तं कलंडून रायलं!"

"दलदलीत बांधली ना बाप्पा. बांधता बांधताच खचली."

"म्हंजे काम आपल्यासारखंच. फक्त इथं लोकं तेच पाहाले तिकीट काढते."

शेजारीच मिठाची जुनी गोदामं. ल्युनेबुर्गहून यायचं ते मीठ इथून जहाजानं पुढं जाई आणि हान्सा संघाचे व्यापारी गब्बर होत. हे ऐकून व्याही खिन्न झाले. त्यांची सहा एकर खारपाणपट्ट्यात आहे. म्हणाले, "आमच्या इथं विहिरीतच मीठ हाय, पण आमाले कोनी हान्सा नाही म्हटलं."

मारिया चर्चमध्ये घंटा जमिनीवर फुटून पडल्या आहेत. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जिथं कोसळल्या, तिथंच ठेवल्या. फुटलेलं तसंच पडू देण्यात आपला हात कोणी धरणार नाही; कठडा घालून वर पाटी लावायची अक्कल तेवढी आपल्याला सुचली नाही.

निडेरएगरच्या दुकानात मार्झिपान घेतलं. बदाम आणि साखर, म्हणजे आपली बदाम बर्फीच, पण भाव युरोत. दुकान १८०६ चं. त्याच साली नेपोलियनच्या फौजेनं हे शहर लुटलं. आमच्या गाइडबाईनं हे अशा हळहळीनं सांगितलं, जणू परवाच तिच्या आत्याच्या घरी चोरी झाली. मग बाईनं वेशीची गोष्ट सांगितली. १८६३ साली ती पाडायची की ठेवायची यावर मतं घेतली आणि एका मतानं ती वाचली. मी चाळिसावा फोटो काढत होतो, तेवढ्यात तिनं सहज विचारलं, "तुमच्या गावाला तटबंदी आहे का?"

मी नाही म्हणालो.

व्याह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं पोरीच्या सासऱ्याकडं पाहायची कोणालाच सोय नसते. "काहून? परकोट नाही का तुमच्या इथं?" अन् मग अकोल्याच्या माणसानं जर्मनीत उभं राहून मला अमरावती सांगितली. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या सरकारनं १८०७ साली बांधलेला दगडी परकोट. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे, चार खिडक्या. म्हणजे इकडं गाव लुटलं गेलं, त्याच्या दुसऱ्याच साली तिकडं आमची भिंत उभी राहिली. साठ वर्षं मी जवाहर गेटमधून भाजी, कापड, लग्नाच्या पत्रिका आणतोय. गेट म्हणजे ऑटो अडकतो ती जागा, एवढंच मला ठाऊक. चिडून मी विचारलं, "तुमच्या अकोल्याचा असदगड किल्ला शेवटचा कधी पाहिला तुम्ही?" व्याह्यांनी मार्झिपानचा तुकडा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चघळला.

परत आल्यावर सुनेचा फोन आला. तिच्या ऑफिसातलं जर्मन जोडपं दिवाळीत येतंय. मेळघाटात वाघ बघणार, पण आधी "बाबांचं जुनं शहर" बघायचंय. मी कागद घेऊन बसलो. जवाहर गेट, नागपुरी गेट, अंबागेट. पुढं आठवेना. शेवटी राजकमल चौकात जाऊन एका ऑटोवाल्याला विचारलं, "भाऊ, परकोटाचे पाची दरवाजे दाखवशील का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चार दाखवतो काकाजी," तो म्हणाला, "पाचवा शोधाचे पैसे अलग पडन."