दहा लिटरला २३९

खान्देशात नव्या गाडीच्या पेढ्याचा तुकडा तोंडात पडण्याआधी समोरच्याच्या तोंडातून प्रश्न पडतो, "किती देते?" गाडीची किंमत, रंग, एअरबॅगा वगैरे चौकशा मागाहून. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याला ख्यालीखुशाली विचारतात, त्याच आपुलकीने आम्ही अ‍ॅव्हरेज विचारतो. जळगावात पहिल्याच आठवड्यात मला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की गाडीचा नंबर पाठ व्हायच्या आधी उत्तर पाठ झालं.

त्यात माझी गाडी हायब्रिड. हा शब्द आमच्याकडे मोटारींच्या आधी ज्वारीला आणि कपाशीला लागला, त्यामुळे खुलासे फार करावे लागतात. "म्हणजे चार्जिंगला लावायची?" नाही. "मग पेट्रोल लागत नाही?" लागतं. "मग नवीन काय?" नवीन असं की इंजिनाच्या जोडीला एक मोटार आणि बॅटरी असते; ब्रेक मारला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ताकद विजेच्या रूपाने बॅटरीत जाते आणि पुढच्या सिग्नलला गाडी आवाज न करता निघते. जपानात टोयोटाची प्रियस १९९७ साली रस्त्यावर आली. आमच्या गल्लीत ही विद्या पोचायला पाव शतक लागलं.

धुळ्याला माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी खुलासा शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "हायब्रिड ज्वारीनं पोतं भरस, पन भाकरले चव नही." मग चष्मा पुसला आणि मुद्द्यावर आले. "जवाईबापू, लिटरले कितली देस?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. आमच्या गाडीत समोर एक स्क्रीन आहे. नीट चालवलं की तिच्यावर हिरवी पानं उगवतात आणि गाडी बंद करताना ती शाबासकीही देते. नोकरीत एकतीस वर्षांत मला इतकं कौतुक मिळालं नव्हतं, त्यामुळे माझा तिच्यावर जीव होता.

"हाई टीव्ही शे," आबा म्हणाले. "वही कोठे शे?"

इथे आबांची ओळख करून द्यायला हवी. ते धुळ्याला एसटीच्या डिझेलचा हिशेब लिहीत निवृत्त झाले. एसटीत लिटरला किती असं बोलत नाहीत. तिथलं माप 'केपीटीएल', म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. दशांश चिन्हाची कटकट जाते आणि आकडाही भारदस्त होतो. साडेचारला कोणी विचारत नाही, पंचेचाळीस म्हटलं की बरं वाटतं. शिवाय आबा धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही त्या गावाची रीत. मी जळगावचा. आमच्याकडे सराफाच्या काट्यावर आकडा उमटला की गिऱ्हाईक मान डोलावतं. यंत्रावर विश्वास ठेवायचा की कागदावर, हा जळगाव-धुळे वाद तेव्हापासून आमच्या घरात सुरू झाला.

पहिली परीक्षा मे महिन्यात झाली. जळगावात टाकी फुल केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि आबांना आणायला निघालो. बांभोरीचा गिरणा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे: घरापासून घरापर्यंत ९४ किलोमीटर. बाहेर पारा चव्वेचाळीसला, आत एसी तीनवर, समोरून पश्चिमेचा वारा. धुळ्यात स्क्रीन म्हणाली, २४.०.

"माझ्या माहेरी जायचं म्हटलं की तुमच्या गाडीलासुद्धा जड जातं," बायको म्हणाली.

मी वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. पंचवीस वर्षांच्या संसारात मी वाऱ्याच्या दिशेवर बोललो असा तो पहिलाच प्रसंग, त्यामुळे ते तिला खोटं वाटलं.

परतताना आबा पुढच्या सीटवर, मांडीवर वही. त्यांनी आधी एसी बंद करवला. "टेस्ट म्हणजे टेस्ट." काचा वर, कारण उघड्या काचांनी हवा अडते हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. (मीच.) पारोळ्यापर्यंत आम्ही भरिताच्या वांग्यासारखे भाजत आलो. तिथे बायकोने सांगितलं की एसी तरी लागेल नाहीतर ती तरी उतरेल. पण मागून वारा होता. जळगावात शिरताना स्क्रीनवर २८.६ झळकलं आणि हिरव्या पानांचं रान माजलं.

मी लगेच तोंडी हिशेब केला: चोवीस आणि अठ्ठावीस पॉइंट सहा, सरासरी २६.३. मागच्या सीटवरून दहावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, सरासऱ्यांची सरासरी काढत नाहीत. जाताना पेट्रोल जास्त जळलं, तर त्याचं वजन जास्त धरावं लागतं. २६.१ येईल." स्क्रीनवर दोन्ही फेऱ्यांचा एकत्र आकडा काढून पाहिला. २६.१. आबांनी वहीतून मान वर करून नातीकडे पाहिलं. एवढ्या मायेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

मग पंप. पोराने सांगितलं, "झिरो बघा." आबांनी झिरो असा पाहिला की पोरालाच त्याची शंका यावी. नोझल खट् करून थांबलं तेव्हा ७.३१ लिटर झालं होतं. १८८ भागिले ७.३१, म्हणजे २५.७. मी जिंकल्यात जमा होतो.

"थांब भाऊ," आबा म्हणाले आणि खाली उतरून त्यांनी गाडी हलवायला सुरुवात केली.

जुन्या माणसांना टाकी ही पायलीसारखी दिसते. नुसती भरून चालत नाही, शीग लागली पाहिजे. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी आबा बंपरला धरून गाडीला झोके देत होते, पोरगा थेंब थेंब सोडत होता, मागे सात मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या. आकडा ७.८६ वर थांबला. आबांनी वहीत भागाकार केला आणि दहाने गुणून लिहिलं: २३९.

मी हरकत घेतली. आधी भरताना शीग लावली नव्हती, मग आता का? एवढ्या छोट्या फेरीत अर्ध्या लिटरचा फरक म्हणजे सात टक्के. शिवाय काठोकाठ भरलेलं पेट्रोल वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो खराब होतो. आबा म्हणाले, तर मग पंपाचंच माप तपासू. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं. आबांनी मागितलं. आतून माप आणलं गेलं, त्यावरची धूळ पुसली गेली, पेट्रोल मोजलं गेलं. चोख निघालं. तेव्हापासून पंपावरचे पोरगे आबांना नमस्कार करतात. मला करत नाहीत.

आता स्क्रीन खोटं का बोलते, हे शोधणं माझ्या इज्जतीचा प्रश्न झाला. वाचल्यावर कळलं की गाडी पेट्रोल मोजतच नाही. इंजिनात पेट्रोल उडवणारा इंजेक्टर एकूण किती मिलिसेकंद उघडा राहिला हे ती मोजते, त्यातून दर क्षणाला किती पेट्रोल जात असेल याचा कारखान्यात ठरलेला आकडा धरते आणि गुणाकार करते. नळ किती वेळ उघडा होता त्यावरून हंड्यात पाणी किती, हे सांगण्यातला हा प्रकार. नळ उघडा असणं आणि हंडा भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने मे महिना धुळ्यात काढलाय त्याला सांगायला लागत नाही.

मी एक शेवटचा डाव टाकून पाहिला. पेट्रोल तापलं की फुगतं, दर दहा अंशांना जवळपास एक टक्का. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल आमच्या उन्हात तापणार, मग फरक पडणारच! आबांना हा मुद्दा तासभर ऐकवला. रात्री हिशेब पूर्ण केल्यावर लक्षात आलं की या कारणाने फरक पडलाच तर उलट्या बाजूला पडायला हवा. स्क्रीनने कमी दाखवायला हवं. मी तो मुद्दा मागे घेतला.

कंपनीच्या सत्तावीसच्या वरच्या आकड्याचं काय, तर तो सरकारी चाचणीचा. अशा चाचण्या पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. गाडी रोलरवर उभी असते, चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद, वेग नव्वदच्या पुढे नाही, सगळा खेळ वीस मिनिटांत आटोपतो आणि किती जळलं ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. तिला ना गिरणेचा पूल लागत, ना मुकटीचा वारा, ना सासरे. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. पेट्रोलपेक्षा त्यात ताकद एक तृतीयांश कमी. पुण्याचा आकडा मी सोडून दिला. माणसाने घरातल्यांशी भांडावं.

शेवटी तह झाला. एकच पंप, एकच नोझल, सकाळची वेळ, पहिल्या खट्ला थांबायचं, शीग नाही. दहा टाक्या. लांबच्या हिशेबात एखाद्या पावलिटरची चूक विरून जाते, हे आबांना एसटीमुळे माझ्याआधीच ठाऊक होतं. पावसाळा गेला, वांगी आली, दहा टाक्या झाल्या. स्क्रीनची सरासरी २५.३, वहीची २३.८, म्हणजे आबांच्या भाषेत २३८. फरक सहा टक्के, दर वेळी त्याच बाजूला.

एव्हाना आबांचा धुळ्यात सगळ्यांना आकडा सांगून झाला होता. त्यांच्या कट्ट्यावरचे दोघेजण "दोनशे अडतीस देणारी गाडी" पाहायला जळगावपर्यंत आले आणि बॉनेट उघडायला लावून गेले.

"टीव्ही खोटं बोलस," दिवाळीला आबांनी पुरणपोळीच्या ताटावर निकाल दिला. "मनी चेतक पन्नासले पक्की व्हती. टीव्ही नव्हता, पन पन्नास म्हणजे पन्नास."

चेतकचे ते पन्नास मी लग्न ठरल्यापासून ऐकत आलोय. साखरपुड्यातही ऐकले होते. जेवण झाल्यावर आबा लवंडले आणि मी वही चाळायला घेतली. मागच्या बाजूला जुनी पानं शिवलेली होती. १९८६, १९८७, १९८८. चेतक, टाकी फुल, किलोमीटर, लिटर, ऑइल वेगळं. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी केपीटीएल: ४१२, ४०८, ४१०.

आबांनी एक डोळा उघडला. वही माझ्या हातातून काढून घेतली आणि उशीखाली ठेवली.

"लोकेसले सांगाना आकडा अलग ऱ्हास, जवाईबापू."

मी कॅल्क्युलेटर काढला. एक्केचाळीसचे पन्नास म्हणजे बावीस टक्के. गाडी फक्त सहा टक्के वाढवून सांगते.