वार पाळणारे वाचक

फुकटची वेबकॉमिक्स वाचकाला भलतीच महाग पडतात. रँडल मन्रोचं ‘एक्सकेसीडी’ २००५पासून आठवड्यातून तीनदा येतं. उपासासारखे हे वार पाळावे लागतात. २०१३मध्ये त्याने ‘टाइम’ हे एकच कॉमिक चार महिने चालवलं, चित्रं झाली तीन हजारांवर! त्याच वर्षी जुलैत गुगलने ‘रीडर’ बंद केला. नवं काय आलं ते सांगणारा हरकाम्या गेला. ‘होमस्टक’ या वेबकॉमिकची पानं तर आठ हजारांहून जास्त. तरी नवं कॉमिक दिसलं, की आधी बुकमार्क, वाचायचं सवडीने. यादीतली कित्येक केव्हाच बंद पडलेली. पानावर चित्रकाराचं ‘लवकरच परततोय’, खाली तारीख चार वर्षांपूर्वीची. मंडळी, यादी बिनधास्त छाटा. चित्रकाराला पत्ताही लागणार नाही.