गावभर दिग्दर्शक

पन्नाशीनंतर जडणाऱ्या छंदांत फोटोग्राफीइतका निरुपद्रवी दिसणारा आणि घरच्यांना तेवढाच ताप देणारा दुसरा छंद नसेल. तंबोरा घेतलेला माणूस निदान एका खोलीत बसतो. कॅमेरेवाला घरभर फिरतो. सकाळच्या चहावर खिडकीतलं ऊन पडलं की "थांब, पिऊ नको!" म्हणून ओरडतो आणि त्याचं समाधान होईपर्यंत चहाचं सरबत होतं. आमच्या डोंबिवलीच्या घरात सुरुवातीला सगळ्यांनी कौतुकानं पोझ दिली. पुढे माणसं हाताला लागेनात, तेव्हा कुंडीतल्या तुळशीची पाळी आली, मग कठड्यावरच्या कबुतरांची. दिवाळी तोंडावर आली तशी सौ. म्हणाली, "भाऊबीजेला ताईंकडे कोल्हापूरला चाललाच आहात, तर चार दिवस जास्तच राहा. तिकडे ऊन चांगलं असतं म्हणे."

गाडी महालक्ष्मी एक्सप्रेस. पाडव्याच्या आदल्या रात्री कल्याणला चढलो तेव्हा डबाभर फराळाचा वास आणि पाय ठेवायला जागा नाही इतक्या पिशव्या. गळ्यातला कॅमेरा बघून समोरच्या बाकावरचे काका सरसावले.

"लग्नाच्या ऑर्डरी घेता काय?"

"नाही, हौस म्हणून काढतो."

"हौस म्हणजे... पैसे कोण देतं?"

"कोणी नाही. माझेच जातात."

काका गप्प झाले. थोड्या वेळानं ते काकूंच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि त्या माउलीनं डबा उघडून माझ्या हातावर करंजी ठेवली. माझ्या फोटोग्राफीला मिळालेली ही पहिली शिष्यवृत्ती.

सकाळी मिरज सुटल्यावर खिडकीतून उसाचे फड दिसायला लागले आणि सौ.चं म्हणणं पटलं. पावसानं हवा धुऊन काढलेली असते, धूळ अजून उडायला लागलेली नसते आणि सूर्य दक्षिणेकडे सरकल्यामुळे ऊन दिवसभर जरा तिरकंच येतं. मुंबईच्या मे महिन्यात दुपारचं ऊन डोक्यावर थापट्या मारतं, सावली पायाखाली दडते आणि फोटोतल्या माणसांच्या डोळ्यांत खड्डे पडतात. शरदात सावल्या लांब, रंग गडद आणि माणसांच्या चेहऱ्यावर उगाचच तेज. हौशी फोटोग्राफरचे निम्मे फोटो या ऋतूत चांगले येतात आणि श्रेय तो कॅमेऱ्याला देतो.

घरी पोचून अभ्यंगाचं पाणी अंगावर घेतलं, ताईच्या हातचा फराळ झाला, आणि दुपारी उन्हं कलल्यावर दाजींनी स्कूटर काढली. "चल, तुला कोल्हापूरची फॅशन परेड दाखवतो."

परेड म्हशींची होती. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरातले गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, शिंगांच्या टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ आणि अंगावरचे केस भादरून त्यातून कोरलेली नक्षी. हे सगळं लेणं घालून ती म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं धावते. मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली असते. त्या आवाजानं माझ्या हातातला कॅमेरा थरथरत होता. म्हशीला त्याचं काहीही नव्हतं. ती नवरीच्या करवलीसारख्या तोऱ्यात येत होती.

मी एका म्हशीचा फोटो काढला. नाव राणी. मालकानं मोटारसायकल थांबवून "बघू" म्हणत कॅमेरा आपल्याकडे वळवला आणि त्याचा चेहरा पडला.

"ही कुणाची म्हस?"

"तुमचीच."

"आमची काळी कुळकुळीत हाय. सकाळी तेल लावलंय. ही राखंत लोळल्यागत दिसतीया."

त्याचं बरोबर होतं. कॅमेऱ्याच्या पोटातल्या मीटरची एक समजूत पक्की असते: जगातली कुठलीही गोष्ट सरासरीनं करडीच असणार. पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, काळं दिसलं की वाढवतो आणि दोघांनाही ओढत मधल्या करड्यावर आणून बसवतो. माणसांच्या घोळक्यात हे खपून जातं. पण चौकट भरून म्हैस आली की मीटर म्हणतो, इथं फारच अंधार दिसतो, जरा उजेड करू या. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण उणे एकवर नेऊन मीटरला सांगणं, की बाबा, ही म्हैसच आहे. मी तसं सांगितलं. राणी काळी झाली. शिंगांचा रंग पेटला. मालक खूश झाला आणि त्यानं खिशातून पुडी काढून मला लवंग दिली.

एवढ्यात भोवती मंडळी जमली होती. पळत्या म्हशीसाठी मी शटर एक तीसांशावर ठेवून तिच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवत होतो. त्यानं म्हैस ठसठशीत येते आणि मागच्या गर्दीच्या नुसत्या रेघा होतात. एक पोरगं ओरडलं, "काका, खाली बसा! खालनं घेतला की म्हस मोठी दिसती." दुसरा म्हणाला, "तिकडनं घ्या, ऊन तोंडावर येतंय." तिसऱ्यानं मागच्या दोघांना हात धरून चौकटीबाहेर काढलं. मी खाली बसलो, तिकडून घेतला, आणि म्हैस खरंच मोठी दिसली. इतक्या चांगल्या सूचना मला पैसे भरून केलेल्या कार्यशाळेतही मिळाल्या नव्हत्या.

परतताना दाजींनी स्कूटर मुद्दाम खरी कॉर्नरवरून घेतली. तिथं कॅमेऱ्याचं स्मारक आहे. स्मारक पुढाऱ्यांचं असतं, फार तर घोड्याचं. कॅमेऱ्याला हा मान देणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं. दाजींचं भाषण सुरू झालं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे मूळचे चित्रं आणि पडदे रंगवणारे. सिनेमाचा कॅमेरा आपणच घडवायचा म्हणून दोघं खटपटीला लागले. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी काम तडीला नेलं आणि त्या देशी कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. व्ही. शांताराम त्याच कंपनीत शिकले आणि 1929 साली 'प्रभात' कंपनी निघाली तीही याच गावात. पुण्याला ती नंतर गेली. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. "आमच्या आज्जानं पिक्चरमधी भाला धरलाय," हे वाक्य इथं गल्लीत चार घरांत ऐकायला मिळतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या गावानं तीन-चार पिढ्या शूटिंग बघण्यात घालवल्या, तिथं कॅमेरा घेऊन येणाऱ्याला कुणी एकटं कसं सोडेल? मुंबईत कॅमेरा उचलला की माणसं तोंड फिरवतात किंवा हटकतात. कोल्हापुरात तीच माणसं जवळ येऊन कोन सुचवतात. इथं फोटो काढणारा एक असतो, दिग्दर्शक गावभर.

भाऊबीज झाली, ओवाळून घेतलं, ताईच्या ताटात साडी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून मी शहर पालथं घालायला मोकळा झालो.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा भरतो. म्हशी तिथंच आणून उभ्या करतात, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला गरम पेला हातात देतात. फोटोग्राफरच्या दृष्टीनं ही अवघड जागा. काळी म्हैस आणि पांढरं दूध एकाच चौकटीत, वर दिव्यांचा पिवळा उजेड. म्हशीचं ऐकावं तर फेस जळतो आणि दुधाचं ऐकावं तर म्हैस अंधारात गडप होते. माझी ही घालमेल कट्ट्यावरचे एक फेटेवाले आजोबा बघत होते.

"आधी प्या, मग काढा. फेस बसला की दूध बी न्हाई आन् फोटू बी न्हाई."

मी एका हातात पेला, दुसऱ्यात कॅमेरा धरून प्यालो. फेसाच्या पांढऱ्या मिशा उमटल्या आणि त्याच क्षणी शेजारच्या पोरानं मोबाइलवर माझा फोटो टिपला. त्यात फोकस, उजेड, भाव, सगळं जमून आलं होतं. दाजींनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. माझ्या कुठल्याही फोटोला तोवर इतके अंगठे मिळाले नव्हते.

तालमीत तर वस्तादांनी सूत्रं सरळ हातातच घेतली. सकाळी हौद्यात एका खिडकीतून उन्हाचा झोत उतरतो. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मऊ केलेली तांबडी माती खोऱ्यानं उकरली की त्या झोतात लालसर धुरळा तरंगतो. मी पैलवानांच्या दंड-मांड्यांवर नेम धरून होतो. वस्ताद म्हणाले, "दंड काय, जिममधी बी मिळतात. कान काढा, कान." घासून-दाबून सुजलेला, घडी पडलेला पैलवानाचा कान ही त्याची पदवी असते. मी जवळ जाऊन कानावर फोकस केला. दंडांचे फोटो घरी आल्यावर पुसून टाकले, कान ठेवला.

चप्पल लाइनीत दुकानदारानं चप्पल उन्हात धरून "वेणी दिसाय पाहिजे" म्हणून बजावलं आणि फोटो झाल्यावर ती मला विकली. रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी शालिनी पॅलेस कुठून चांगला दिसतो ते दाखवलं. निम्म्यांनी ती जागा चूक असल्याचं सांगितलं.

असं करता करता 9 नोव्हेंबर उजाडला. या सुमाराला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. देवी पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. हेच पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला. कारण सरळ आहे. 21-22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून मागे फिरतो. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी तो ज्या जागी मावळतो, त्याच जागी सहा आठवडे नंतर पुन्हा मावळतो. ज्यानं हे देऊळ आखलं त्यानं क्षितिजावरची ती जागा नेमकी धरली. माझ्या कॅमेऱ्यात उजेडाचं गणित करणारी चिप आहे आणि तिला म्हैस ओळखता येत नाही.

त्या दिवसांत शहराची भाषा बदलते. एरवी उसाच्या दरावर वाद घालणारी माणसं ढग, धूर, हवेतला ओलावा आणि महाद्वार रोडवरच्या इमारतींची उंची यांवर बोलतात. किरणांची तीव्रता किती लक्स भरली ते पेपरात येतं आणि पानाच्या टपरीवर वाचलं जातं. डोंबिवलीत उजेडावर बोलणारा मी एकटा आणि त्यावरून घरात टोमणे खाणारा. इथं पानवालासुद्धा आभाळाकडे बघून म्हणाला, "आज जरा पातळ ढग हाय. बघू या काय हुतंय."

आणि नेमक्या याच जागी कॅमेरा चालत नाही. देवळात फोटोला बंदी. वर्षातला सर्वांत नेमका उजेड, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि माझा कॅमेरा ताईच्या कपाटात. मी हात हलवत गर्दीत उभा राहिलो. आतलं दृश्य बाहेर मोठ्या पडद्यावर दाखवतात. पावणेसहाच्या आसपास आतले दिवे मालवले गेले. उन्हाचा पट्टा पितळी उंबरठ्यावर आला, मग चांदीच्या उंबरठ्यावर, मग देवीपुढच्या कटांजनाशी, म्हणजे कठड्याशी, येऊन फिकट झाला. ढगाची चिंधी आडवी आली होती.

दिग्दर्शकांना राहवेना.

"आरं बाजूला हो की!" एक जण ढगाला म्हणाला.

"थांबा, सरकतोय, सरकतोय..."

"आता वर चढ. आजून. आजून जरा..."

हे सूर्याला. मघापासून गप्प असलेल्या माझ्याही तोंडून "डावीकडे घे" असं निघून गेलं आणि शेजारच्या काकूंनी मान डोलावून दुजोरा दिला. ढग सरकला. किरणं पायांवर पोचली. सगळ्यांचे हात जुळले, घंटा वाजल्या, आणि हात सुटायच्या आत परीक्षण सुरू झालं. "गेल्या साली यापेक्षा लख्ख हुती." सूर्यालाही इथं एकदम पास करत नाहीत, मग माझं काय घेऊन बसलात!

डोंबिवलीला परत आल्यावर मी राणीचा सर्वांत चांगला फोटो दाजींमार्फत तिच्या मालकाला पाठवला. काळी कुळकुळीत म्हैस, मोरपिसांचा तुरा, मागं गर्दीच्या रेघा. चौकट मी जरा घट्ट धरली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"पावणं, फोटू एक लंबर. पर शेपटी कापलीसा."

चौकट घट्ट ठेवल्यानं वेग कसा जाणवतो, नजर डोळ्यांवर कशी खिळते, हे मी बराच वेळ समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते खरं हाय. पर शेपटीला रिबीन बांधली हुती. पुढल्या पाडव्याला या, रिटेक घिऊ. राणीला सांगून ठेवतो."